विज्ञानसाहित्यातील नायिका : मोजपट्टी कोणाची?

(१)

विज्ञानसाहित्य हे उद्याचे साहित्य, असे नेहमी म्हटले जाते. पण हा उद्या कोणाचा, त्यात कोणाच्या वाट्याला कोणते काम येणार आणि काम सांगणारा कोण असणार, हे प्रश्न या साहित्याला फार उशिरा विचारले गेले. अमेरिकेत ते जोराने विचारले स्त्रियांनी. जोआना रस या लेखिकेने १९७० साली विज्ञानसाहित्यातील स्त्रीप्रतिमांवर एक निबंध लिहिला. तिच्या म्हणण्याचा सारांश असा, की या साहित्यात स्त्रीच्या प्रतिमा पुष्कळ आहेत, स्त्रिया मात्र जवळजवळ नाहीत. हजारो वर्षांनंतरचा माणूस परग्रहावर पोचतो, पण त्याचे घर, त्याची बायको आणि तिचा स्वयंपाक ही सगळी अमेरिकन मध्यमवर्गीय उपनगरातून जशीच्या तशी उचललेली असतात. यंत्र बदलते, चूल बदलत नाही.

या टीकेला साहित्यानेच उत्तर दिले. उर्सुला ले ग्विन हिने १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत कायमचा स्त्री-पुरुष भेदच नसलेला समाज कल्पिला होता. रसने स्वतः १९७५ साली ‘द फिमेल मॅन’ लिहिली. तीत चार निरनिराळ्या जगांतल्या चार स्त्रिया एकमेकींना भेटतात आणि त्या एकाच स्त्रीची चार रूपे असल्याचे उघड होते. याच वर्षी ले ग्विनने एका निबंधात आणखी एक पाऊल पुढे टाकले. विज्ञानसाहित्यात स्त्री कुठे आहे, हे विचारताना तिने गरीब कुठे आहे, हेही विचारले. या कथांत सम्राट असतात, कप्तान असतात. जनता असते ती कोणाच्या तरी मागून चालण्यासाठी, हे तिने दाखवून दिले.

मला वाटते, हा दुसरा प्रश्न स्त्रीवादी समीक्षेने पहिल्याइतक्या चिकाटीने विचारला नाही. नायक जे करतो ते नायिका करते की नाही, ही तिची मोजपट्टी झाली. ती शस्त्र चालवते का, यान चालवते का, हुकूम देते का, शेवटी जिवंत राहते का, हे पाहिले गेले. ही मोजपट्टी खोटी नाही. ज्या स्त्रीला केवळ किंचाळण्यासाठी कथेत घेतले जात होते, तिच्या हाती सुकाणू येणे ही लहान गोष्ट नव्हती. पण सुकाणू हाती आल्यावर इंजिनाच्या खोलीत घामाघूम होणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तो सोडवण्यासाठी एकाच वर्षी, १९७९ साली, लोकांसमोर आलेल्या दोन नायिका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असा या लेखाचा हेतू आहे. एक चित्रपटातली आहे, दुसरी कादंबरीतली. पहिली जगभर गाजली. दुसरी आपल्या अधिक जवळची आहे.

(२)

पहिली नायिका म्हणजे रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ या चित्रपटातली एलन रिप्ली. सिगर्नी वीव्हर या अभिनेत्रीने ती उभी केली. मालवाहू अंतराळयानावर सात जण आहेत. एक परका, हिंस्र जीव यानात शिरतो आणि एकेकाला संपवतो. बाहेरून आलेल्या आजारी सहकाऱ्याला नियमाप्रमाणे आत घेऊ नये, असे सांगणारी एकटी रिप्ली असते. तिचे ऐकले जात नाही. ज्या कंपनीचे हे यान, तिने तो जीव हस्तगत करण्यासाठी कर्मचाऱ्यांचे प्राण गेले तरी चालतील, असा गुप्त हुकूम देऊन ठेवलेला असतो, हे पुढे तीच शोधून काढते. अखेरीस ती आणि यानावरची मांजर एवढीच वाचतात. पडद्यावर तोपर्यंत अशी नायिका क्वचितच दिसली होती. स्त्रीवादी समीक्षकांनी तिचे स्वागत केले, ते योग्यच होते.

या चित्रपटाच्या संहितेविषयीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सर्व पात्रे स्त्री किंवा पुरुष कोणीही करू शकेल, अशी सूचना लेखकांनी संहितेतच देऊन ठेवली होती. म्हणजे रिप्लीच्या जागी पुरुष चालला असता. अनेकांना यातच समतेचा विजय दिसतो. मला मात्र इथे थांबावेसे वाटते. ज्या नायिकेच्या जागी पुरुष चालला असता, तिने स्त्री म्हणून जे सोसले आहे ते कथेच्या बाहेरच राहणार. ती पुरुषाच्या जागेवर बसली. जागा तशीच राहिली.

त्या यानावर आणखी दोघे आहेत, पार्कर आणि ब्रेट. ते इंजिनाकडची कामे करतात. पार्कर काळा आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच हे दोघे आपल्या कमी वाट्याची तक्रार करतात. वरच्या अधिकाऱ्यांना पुरा हिस्सा, आम्हाला कमी, असे का? या तक्रारीकडे कोणी लक्ष देत नाही. तुमच्या वाट्याचे तुम्हाला मिळेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांना रिप्लीच देते. ती अधिकारी आहे आणि त्या क्षणी अधिकाऱ्यासारखीच बोलते. पुढे पार्कर मरतो, तोही सहकारी स्त्री मध्ये आली म्हणून आगीचे शस्त्र न चालवता, हातघाईवर येऊन. त्याच्या हिश्शाचा प्रश्न कोणी पुन्हा काढत नाही. कंपनीने सगळ्यांनाच मरायला सोडले होते, हे चित्रपट सांगतो, आणि त्यासाठी त्याला श्रेय दिलेच पाहिजे. पण त्या सगळ्यांतही एक वरचा मजला आणि एक खालचा मजला होता, हे तो दाखवून विसरून जातो. समीक्षाही विसरली.

(३)

दुसरी नायिका आहे ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या लेखिकेच्या ‘किंड्रेड’ या कादंबरीतली डेना. किंड्रेड म्हणजे रक्ताचे नातलग. डेना सव्वीस वर्षांची काळी लेखिका आहे आणि कॅलिफोर्नियात राहते. रोजंदारीवर माणसे पुरवणाऱ्या एका कचेरीमार्फत ती मिळेल ते काम करत असे; त्या कचेरीला ती गुलामांचा बाजारच म्हणते. तिचा नवरा केव्हिन गोरा आहे, लेखक आहे, पुरोगामी आहे. हा पुरोगामी नवरा लग्नाआधी आपली हस्तलिखिते टंकलिखित करून देण्याची तिच्याकडून अपेक्षा ठेवतो आणि ती नाही म्हणाली की नाराज होतो. चळवळीतल्या घरांनाही हा प्रसंग अनोळखी वाटू नये.

१९७६ च्या जूनमध्ये, नव्या घरात पुस्तके लावत असताना, डेनाला घेरी येते आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मेरीलँड राज्यात जाऊन पडते. समोर नदीत एक गोरा मुलगा बुडत असतो. ती त्याला वाचवते. तो रूफस, मळेवाल्याचा मुलगा. पुढे जेव्हा जेव्हा त्याच्या जिवावर बेतते तेव्हा तेव्हा ती मागे खेचली जाते, आणि जेव्हा तिच्या स्वतःच्या जिवावर बेतते तेव्हाच ती परत येते. लवकरच तिला उमगते, की हा रूफस तिचा पूर्वज आहे. त्याच्यापासून ॲलिस नावाच्या काळ्या स्त्रीला हेगर नावाची मुलगी होणार आहे, आणि त्या मुलीपासून डेनाचे घराणे. ॲलिस जन्माने गुलाम नव्हती. गुलाम नवऱ्याला पळून जायला मदत केल्याबद्दल तिला गुलाम करण्यात आले. रूफसने तिला विकत घेतले आणि भोगले. म्हणजे डेना जन्माला येण्यासाठी रूफस जगला पाहिजे आणि ॲलिसवर बलात्कार झाला पाहिजे. कादंबरीचा सारा पेच या एका वाक्यात आहे.

कालप्रवासाचे यंत्र यात नाही. बटलर स्वतः या कादंबरीला विज्ञानकादंबरी न म्हणता भीषण अद्भुतिका म्हणत असे. पण तिचे सगळे लेखन विज्ञानसाहित्याच्या परंपरेतच वाढले, आणि कालप्रवास ही त्या परंपरेचीच युक्ती आहे. फरक एवढाच, की गोऱ्या नायकाला भूतकाळ ही सहल वाटू शकते. डेनाला तो फटक्यांची जागा आहे. केव्हिनही एकदा तिच्याबरोबर मागे जातो, आणि मळ्यावर आपल्याला वाटले होते तेवढा छळ दिसत नाही, असे त्याच्या तोंडून निघून जाते. जो चाबूक आपल्या पाठीसाठी नसतो, तो डोळ्यांनाही कमी दिसतो.

बटलरने एके ठिकाणी सांगितले आहे, की या कादंबरीचा नायक तिने आधी पुरुष योजला होता. पण विसाव्या शतकातला ताठ मानेचा काळा पुरुष त्या मळ्यावर तिला जिवंत ठेवता येईना. त्याची नजरच मालकाला धोकादायक वाटली असती आणि तो मारला गेला असता. म्हणून नायक स्त्री झाला. रिप्ली आणि डेना यांच्यातला भेद मला इथे सापडतो. रिप्लीच्या जागी पुरुष चालला असता. डेनाच्या जागी पुरुष जगलाच नसता.

मग डेना का जगू शकते? ती अबला दिसते म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. काळ्या स्त्रीचे शरीर मालकाला दोन प्रकारे उपयोगी होते, हे उरलेले अर्धे. ती राबते आणि ती गुलाम जन्माला घालते. मूल आईच्या दर्जाने गुलाम ठरेल, असा कायदा व्हर्जिनियात १६६२ सालीच झाला होता. त्यामुळे मालकाचा बलात्कार त्याच्या मालमत्तेत भर घालणारा ठरत होता. अमेरिकेतल्याच एका विद्यापीठात, न्यूयॉर्कच्या कोलंबियात, ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनाने, आणि हे बंधन टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह स्त्रीवर लादले गेले, हे त्यांनी त्यात मांडले. तिथे मालक आपल्या रक्ताचे मूल गुलामांत ढकलत होता, इथे रक्त मिसळू नये म्हणून स्त्री जाळली जात होती. रीती उलट्या दिसतात, पण दोन्हीकडे व्यवस्थेचे कुलूप स्त्रीच्या कुशीलाच होते. म्हणून नायिकेच्या हाती शस्त्र आहे की नाही, हा आपला पहिला प्रश्न असू शकत नाही. तिची कूस आणि तिचे श्रम कोणाच्या ताब्यात आहेत, हा पहिला प्रश्न आहे. बटलर पुढच्या कादंबऱ्यांतही तोच विचारत राहिली.

(४)

बटलरला ही कादंबरी सुचली कशी, ते जाणून घेतल्याशिवाय तिची नायिका नीट कळत नाही. १९४७ साली पॅसाडिना येथे तिचा जन्म झाला. वडील बूटपॉलिश करत. ते लवकर वारले. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. लहानपणी ती आईबरोबर जात असे. आई मागच्या दाराने आत जाताना तिने पाहिली. आई समोर उभी असताना, जणू ती तिथे नाहीच अशा रीतीने, मालक मंडळी तिच्याविषयी बोलताना तिने ऐकली. आई निमूट राहायची, याची मुलीला लाज वाटायची. त्याच घरांतून टाकून दिलेली पुस्तके आई मुलीसाठी घरी आणायची.

पुढे कॉलेजात, काळ्या सत्तेच्या चळवळीच्या दिवसांत, एक तरुण तिच्यासमोर म्हणाला, की ज्यांनी आपल्याला इतका काळ मागे खेचले त्या म्हाताऱ्यांना मारून टाकावेसे वाटते. पण सुरुवात स्वतःच्या आईबापांपासून करावी लागेल म्हणून मारता येत नाही. त्या तरुणाला काळ्यांचा इतिहास तिच्यापेक्षा जास्त पाठ होता. पण ज्यांना तो नावे ठेवत होता, त्यांनी जे गिळले त्यावरच आपण वाढलो, हे त्याला उमगले नव्हते. ‘किंड्रेड’ हे त्या तरुणाला दिलेले उत्तर आहे, आणि स्वतःच्या लाजेलाही.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. मी कॉलेजात असताना माझी आई चार घरची धुणीभांडी करत असे. वर्गातल्या मुलींना मी सांगत असे, की आई घरीच असते. त्या चार घरांपैकी एका घरी तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. ती त्या कपातून चहा पिते, याचा मला तिचा राग येई. कप ठेवणाऱ्यांचा नव्हे. माझी पहिली फी त्या घरच्या पगारातून भरली गेली. आज मी विद्रोहाची कविता शिकवते, आणि ती शिकवण्याचा हक्क मला त्या कपातून मिळाला आहे, हे समजायला मला तिशी उलटावी लागली.

कादंबरीत ही लाज सेरा नावाच्या स्वयंपाकिणीच्या रूपाने येते. मळ्यावरची चूल तिच्या ताब्यात आहे. घरात नवे सामान, नवी भांडी हवी होती म्हणून मालकाने तिची तीन मुले विकली. चौथी कॅरी मुकी आहे. तिला फारशी किंमत येणार नाही म्हणून ती उरली. सेरा मालकासाठी रांधते, कॅरीसाठी जगते आणि पळून जाण्याची भाषा कोणी काढली की त्याला गप्प करते. सुरुवातीला डेना तिला मनातून कमी लेखते. साठीच्या लढाऊ दशकात अशाच बायांची टर उडवली गेली, हे तिला आठवते. मग स्वतः डेना पळून जाण्याचा प्रयत्न करते. ती शिकलेली आहे, तिला पुढचा इतिहास माहीत आहे. एका गुलाम स्त्रीनेच मत्सरापोटी तिची चहाडी केलेली असते, आणि काही तासांत ती पकडली जाते. पाठीवर चाबूक पडल्यावर तिला सेरा दिसू लागते. भित्री म्हणून आपण जिच्याकडे पाहिले, ती एक मूल उरावे म्हणून स्वतःचा संताप रोज गिळत होती, हे तिला कळते.

(५)

गेल्या वर्षी ही कादंबरी वर्गात घेतली तेव्हा चळवळीत काम करणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “मॅडम, ही नायिका कसली? ती तर मालकाला परत परत वाचवते. रूफसने ॲलिसला बोलावले तर निरोप घेऊन हीच जाते.” हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव करून दिली की तो बंड करतो, ही शिकवण आपल्या रक्तात आहे. मग बटलरच्या नायिका जाणीव असून तडजोड का करतात?

माझे उत्तर असे. सेराला जाणीव नाही, असे नाही. तीन मुले विकली गेलेल्या आईला गुलामी म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही. तिच्याजवळ नाही ती वाट, आणि वाटेवर बरोबर चालणारी माणसे. बाबासाहेबांनी आपल्याला केवळ जाणीव दिली नाही. शिक्षण, संघटना आणि संघर्ष ही तिन्ही एकत्र दिली. एकट्याची जाणीव पुष्कळदा त्याला झाडाला टांगते. ॲलिसचे तेच झाले. ती कधीच मनाने नमली नाही. ती पळाली, पकडली गेली. तिची मुले विकली आहेत असे रूफसने तिला खोटेच सांगितले आणि तिने गळफास घेतला. ॲलिसचा नकार आणि सेराचे टिकून राहणे ही दोन्ही एकाच मळ्यावरची सत्ये आहेत. एकीला वीरांगना आणि दुसरीला गुलाम मनोवृत्तीची ठरवणारी समीक्षा मळा विसरून फक्त बायकांना मोजते.

आणि डेना? ॲलिसकडे निरोप घेऊन जाण्याचा कलंक लेखिका पुसत नाही. आपल्या जन्मासाठी दुसरीला बळी जाऊ दिले, हे डेनाला माहीत आहे. शेवटी रूफस तिच्यावरच हात टाकतो तेव्हा ती त्याला सुरीने भोसकते. ती परत येते, पण रूफसने जिथे तिचा हात धरला होता तिथून पुढचा डावा हात भूतकाळाच्या भिंतीत राहतो. तो दिवस असतो ४ जुलै १९७६, अमेरिकन स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वाढदिवसाचा. देश उत्सव करत असतो आणि ही स्त्री तुटलेल्या हाताने घरात पडलेली असते. रिप्ली सहीसलामत परतते, कारण तिचा शत्रू बाहेरून आलेला होता; त्याला यानाबाहेर फेकता आले. डेनाचा शत्रू तिच्या रक्तात आहे, देशाच्या पायात आहे. त्याला मारले तरी आपले काहीतरी त्याच्या मुठीत राहते.

(६)

मात्र बटलरचे सगळेच मान्य करावे, असे मला वाटत नाही. १९८७ च्या ‘डॉन’ म्हणजे ‘पहाट’ या कादंबरीत अणुयुद्धानंतर उरलेल्या माणसांना परग्रहवासी उचलून नेतात. लिलिथ नावाच्या काळ्या स्त्रीकडे इतर माणसांना जागे करून नव्या जगण्यासाठी तयार करण्याचे काम येते. तिचेच लोक तिला फितूर ठरवतात. तिच्या संमतीशिवाय तिच्या पोटी संकरित मूल वाढवले जाते. कुशीचा तोच प्रश्न इथे पुन्हा आहे. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लिलिथला गोरी दाखवले होते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. काळी नायिका कागदावर चालते, दुकानाच्या काचेत चालत नाही, असाच त्याचा अर्थ.

माझा मतभेद वेगळा आहे. या कादंबरीतले परग्रहवासी सांगतात, की माणूस बुद्धिमान आहे आणि उतरंड रचणारा आहे, आणि उतरंडीची ही खोड त्याच्या जन्मजात रचनेतच आहे. लेखिका या मताला पुष्कळ वजन देते. आपल्याला हे मान्य करता येणार नाही. उच्चनीचता रक्तातच असेल तर चवदार तळे हा वेडेपणा ठरतो. जात माणसाने निर्माण केली. तिला धर्माने पावित्र्य दिले आणि विवाहाने कुंपण घातले. जे रचले गेले ते मोडता येते, यावर आपली सारी चळवळ उभी आहे. उतरंड निसर्गानेच घातली, हे तर मनूचे जुनेच म्हणणे झाले; ते परग्रहावरून आले म्हणून नवे होत नाही.

या मतभेदाचे उत्तर बटलरच्याच पुढच्या नायिकेत काही अंशी मिळते. १९९३ च्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ मधली लॉरेन ओलामिना पंधरा वर्षांची काळी मुलगी आहे. तिची रोजनिशी २० जुलै २०२४ या तारखेला सुरू होते. लिहिताना दूरची असलेली ही तारीख आज मागे पडली आहे. पाणी महाग झाले आहे, वस्त्यांभोवती भिंती आहेत, कंपन्या माणसांना कर्जात अडकवून वेठीला धरत आहेत. दुसऱ्याची वेदना पाहिली की ती लॉरेनला स्वतःच्या अंगात जाणवते. वस्ती जळाल्यावर ती पुरुषाचा वेष करून उत्तरेकडे चालू लागते. वाटेत भेटेल त्याला सोबत घेते. त्यांत काळे आहेत, गोरे आहेत, वेठबिगारीतून सुटलेली माणसे आहेत. ज्यांना येत नाही त्यांना ती लिहा-वाचायला शिकवते, आणि शेवटी ही मंडळी मिळून एक वसाहत उभी करतात. डेनाजवळ जे नव्हते ते लॉरेन घडवते. ती एकटी वीर नाही. ती संघटक आहे. बदल हाच ईश्वर, असा नवा धर्मही ती मांडते. अनित्यतेचा विचार जाणणाऱ्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. पण तिने ईश्वर हा शब्द ठेवला आणि मुक्तीची दिशा ताऱ्यांकडे वळवली, तर बाबासाहेबांच्या धम्माला ईश्वराची गरज पडली नाही आणि त्याची जागा याच भूमीवर आहे, हा फरक लहान नाही.

१९९८ च्या ‘पॅरेबल ऑफ द टॅलंट्स’ या दुसऱ्या भागात बटलर आणखी एक धाडस करते. लॉरेनची तान्ही मुलगी धर्मांध टोळ्या पळवून नेतात आणि ती परक्या घरात वाढते. मोठी झाल्यावर तीच मुलगी आईच्या रोजनिशीवर भाष्य करते, आणि आईला क्षमा करत नाही. चळवळीला जे दिले ते मला दिले नाही, असा तिचा दावा आहे. ज्या लेखिकेने तडजोड करणाऱ्या आईची बाजू मांडली, तिनेच लढणाऱ्या आईला मुलीच्या न्यायालयात उभे केले. कार्यकर्त्यांच्या घरांत वाढलेल्या मुलांना या मुलीचे बोलणे ऐकावेसे वाटेल, आणि कार्यकर्त्यांनी ते ऐकले पाहिजे.

(७)

आपले आणि अमेरिकेतल्या काळ्यांचे नाते नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाविषयी आस्था कळवली होती. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्यांचे साहित्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीत आणले. पण या नात्यात आपण बहुधा पुरुषांचा आवाज ऐकला. मूठ वळलेली पाहिली, भांडी घासणारा हात पाहिला नाही. विज्ञानसाहित्य तर आपण करमणूक म्हणून बाजूलाच ठेवले. बटलर कपबशा विसळत, बटाट्याचे काप तपासत, पहाटे दोनला उठून लिहीत राहिली. तिचा मृत्यू २००६ साली झाला. मंगळावर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी यान उतरले, त्या जागेला पुढच्याच महिन्यात तिचे नाव देण्यात आले. या सन्मानाचा आनंद आहेच. पण मंगळावर नाव लागले म्हणून मागच्या दाराचा हिशेब मिटत नाही.

तेव्हा विज्ञानसाहित्यातली नायिका आपण कोणत्या मोजपट्टीने मोजायची? यान कोण चालवते, हे विचारावेच. पण त्याबरोबर यान कोण झाडते, हेही विचारावे. ती कोणाशी लढली, याबरोबर ती लढावी म्हणून कोण राबले, हे पाहावे. आणि जी लढली नाही, तिला वाट होती का, याचा शोध घेतल्याशिवाय तिच्यावर निकाल देऊ नये. ही मोजपट्टी आपल्याला परकी नाही. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांच्या आत्मकथनांत ती आहे. ‘आयदान’ मध्ये टोपल्या विणणाऱ्या आईच्या हातात ती आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ साठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांकडे जाऊन त्यांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला, तेव्हा त्यांनी यंत्राशिवायचा कालप्रवासच केला होता.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढेच सांगितले, की पुढच्या तासाला येताना आपल्या आजीला एक प्रश्न विचारून ये : तू कधी पळून जाण्याचा विचार केला होतास का, आणि का गेली नाहीस? तो पुढच्या तासाला आला, पण उत्तर त्याने वर्गात सांगितले नाही. तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, “मॅडम, ती दोनदा गेली होती.”